आमोस टिलरीच्या सुयोग्य वापराबाबत

पाइक फोर्क स्टेट कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात चेंडू काखेत घेऊन पळण्याचं काम आमोस टिलरी या एकोणीस वर्षांच्या मुलाकडे होतं. हंगामाच्या पहिल्या चार सामन्यांत तो एक्केचाळीस वेळा पळाला आणि दर खेपेला सरासरी एक यार्ड पुढे गेला. एक यार्ड म्हणजे तीन फूट. आमोसची उंची सहा फूट एक इंच. तो न पळता जागच्या जागी नुसता पालथा पडला असता तरी सरासरी दुप्पट झाली असती, हे संघाचे संख्यातज्ज्ञ लाइल ब्रँडवोल्ड यांनी आलेख काढून सिद्ध केलं. आलेख रंगीत होता. तो मुख्य प्रशिक्षकांच्या दारावर चिकटवण्यात आला आणि पुढचे दोन दिवस येणारा-जाणारा त्याच्यापुढे उभा राहून मान हलवत होता.

गावाची वस्ती नऊ हजार, मैदानात बसायची सोय चौदा हजारांची, आणि तरी एक जागा रिकामी राहत नसे. ओहायोच्या त्या भागात मका, सोयाबीन आणि शनिवारचा सामना एवढीच तीन पिकं निघतात. त्यामुळे आमोसचा प्रश्न एकट्या आमोसचा राहिला नाही. न्हाव्याच्या खुर्चीत आणि चर्चच्या तळघरातल्या जेवणावळीत लोक आमोसचा वापर कसा करावा यावर बोलू लागले. दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवूनही बोलू लागले, आणि डॉक्टरांना ते नीट समजे, कारण त्यांचंही मत तेच होतं.

वेंडेल स्ट्रूपचं मत मात्र कोणी विचारलं नाही. तो पळणाऱ्या खेळाडूंचा प्रशिक्षक होता. वय अठ्ठावन्न, गुडघ्यांचं वय बहात्तर. आमोसला त्यानंच आणलं होतं. केंटकीच्या डोंगरातल्या एका खेड्यात, आमोसच्या आईच्या स्वयंपाकघरात बसून, मक्याच्या पावाचे तीन तुकडे खाऊन त्यानं शब्द दिला होता.

"तुम्ही याचं तिकडे काय करणार?" आईनं विचारलं होतं.

"पळवणार, बाई."

"नीट?"

"अगदी नीट."

बाई कोंबड्या सोलायच्या कारखान्यात उभ्यानं काम करी. शिष्यवृत्ती एका वर्षापुरती होती; ती पुढे चालवायची की नाही हे नोव्हेंबरात ठरणार होतं. नाही चालवली, तर आमोसनं कॉलेज सोडून कारखान्यात आईच्या शेजारी उभं राहायचं होतं. ती जागा तिथल्या मुकादमानं मोकळी ठेवली होती. आमोसच्या पुढे मोकळी जागा ठेवणारा तो जगातला एकमेव इसम.

कारण मैदानावर ती नव्हती. चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या पुढे पाच दांडगे उभे असतात. समोरच्यांना ढकलून त्यांनी वाट करायची आणि पळणाऱ्यानं त्या वाटेनं घुसायचं, एवढाच हा खेळ आहे. बाकी सगळा बँडबाजा. पाचांपैकी चौघे ढकलत होते. डावीकडून दुसरा, चौसष्ट नंबर, ढकलत नव्हता. चेंडू हलला की तो अदबीनं एका अंगाला होई, हॉटेलच्या दारावरचा माणूस पाहुण्यांसाठी होतो तसा. मग समोरच्या संघातले दोन-तीन पाहुणे आत येत आणि आमोसच्या हातात चेंडू पडायच्या आतच त्याला भेटत.

चौसष्ट नंबरचं नाव टकर हॅव्हरकॅम्प. मुख्य प्रशिक्षकांचं नाव बर्ट हॅव्हरकॅम्प. स्ट्रूपनं सात सेकंदांची चित्रफीत काढून घेतली आणि तो बर्टच्या खोलीत गेला.

"बर्ट, चौसष्ट नंबर."

"त्याचं काय?"

"बाजूला होतोय."

"कोण?"

"तुझा टकर."

बर्टनं टोपी काढली, आतून पाहिली, परत घातली. "स्ट्रूप, आपण बावीस वर्षं एकत्र आहोत. खोटं बोलत नाही, तुझ्याइतकी खेळाची नजर मी कुणाची पाहिली नाही. म्हणून सांगतो, विषय आमोसचा चाललाय. विषय सोडून बोलू नकोस."

•

धावपटू सुयोग्य वापर समिती
बैठक पहिली. इतिवृत्त.

अध्यक्ष: श्री. बर्ट हॅव्हरकॅम्प. सदस्य: श्री. लाइल ब्रँडवोल्ड (संख्या), श्री. ऑर्विल नीडर्मायर (गाद्यांचे व्यापारी, समर्थक मंडळाचे प्रमुख). सचिव: श्री. वेंडेल स्ट्रूप. अल्पोपाहार: डोनट.

१. समितीचे कार्यक्षेत्र निश्चित करण्यात आले. समिती केवळ ज्याच्या हाती चेंडू आहे अशा व्यक्तीचा विचार करील. ज्यांच्या हाती चेंडू नाही त्यांचा विचार केल्यास काम वाढेल.

२. सचिवांनी डावीकडून दुसऱ्या जागेचा उल्लेख केला. सदर जागेवरील खेळाडूच्या हाती चेंडू कधीच नसतो, सबब तो कार्यक्षेत्राबाहेर आहे, असे अध्यक्षांनी नियम क्र. १ वाचून दाखवून स्पष्ट केले.

३. शिष्यवृत्तीचा निर्णय हंगामाअखेर ही समितीच घेईल.

४. डोनट पुरले नाहीत. पुढील वेळी दोन डझन.

•

पाचव्या सामन्यात तीन पाहुणे एकाच वेळी आले आणि आमोसच्या हातून चेंडू निसटला.

फुटबॉलच्या गावात याला एक जुना इलाज आहे. ज्याच्या हातून चेंडू निसटला, त्यानं आठवडाभर चेंडू काखेत घेऊन वावरायचं. वर्गात, जेवताना, सगळीकडे. आणि संघातल्या कोणीही, केव्हाही, मागून येऊन तो पाडायचा प्रयत्न करायचा. पडला की मैदानाच्या पायऱ्या वरपासून खालपर्यंत दहा वेळा. पोरं हसतखेळत करतात, पकड सुधारते, आठवड्यानं मिटतं.

नीडर्मायरसाहेबांना आठवडा कमी वाटला. संघातली पोरंच काय म्हणून, असंही त्यांना वाटलं. "गावानं या पोराला प्रेम दिलंय," ते दुसऱ्या बैठकीत म्हणाले. "गावाला सहभागाची संधी नको?"

दुसऱ्या दिवशी बँकेत, पोस्टात आणि गाद्यांच्या दुकानात कागद लागला.

*नागरिकांस विनंती. आमोस टिलरी दिसल्यास त्याच्या काखेतील चेंडू पाडण्याचा मनापासून प्रयत्न करावा. वयाची अट नाही. चेंडू पडल्यास वेळ, ठिकाण व साक्षीदाराचे नाव कळवावे. हे सर्व त्याच्या भल्यासाठी आहे. हंगाम संपेपर्यंत.*

शेवटची ओळ शाईनं नंतर लिहिलेली होती.

गाव कामाला लागलं. पोस्टमननं पत्र देता देता बुक्का मारला. इतिहासाच्या प्राध्यापिका बाईंनी परीक्षेत आमोस तिसरा प्रश्न लिहीत असताना नकाशा गुंडाळायची काठी वापरली. पाद्रीबाबांनी आशीर्वादासाठी उचललेला हात आशीर्वाद पुरा व्हायच्या आत खाली आणला. किराणा दुकानात सत्तरी उलटलेल्या मिसेस क्रॅबट्री गोठवलेली टर्की घेऊन मागून आल्या. टर्की आठ किलोची होती.

"दुखलं का रे बाळा?" त्यांनी विचारलं.

"नाही, मॅडम."

"मग परत एकदा मारते हं. नीट बसली नाही."

पहिल्या आठवड्यात चेंडू एकोणीस वेळा पडला. दुसऱ्यात चार वेळा. तिसऱ्यात एकदाही नाही. आमोस डाव्या हातानं जेवायला शिकला, डाव्या हातानं लिहायला शिकला, अंघोळीला चेंडू घेऊन जाऊ लागला. झोपेत दोन दांडग्यांनी ओढून पाहिला. चेंडूबरोबर आमोस आला, आमोसबरोबर पलंग आला, चेंडू सुटला नाही.

इलाज लागू पडला होता, आणि गाव नाराज झालं. लोकल रेडिओवर सोमवारी डेल प्रुइटचा कार्यक्रम असे. लोक फोन करून संघाला शहाणपण शिकवत.

—हॅलो डेल, मी ग्रोव्ह रस्त्यावरून बोलतोय. त्या टिलरीला काल पेट्रोल पंपावर मी चांगला खांदा मारला. हलला नाही. उलट मीच पडलो.
—लागलं नाही ना?
—लागायचा प्रश्न नाही, वृत्तीचा आहे. पोरगा सहकार्य करत नाही.
—बरोबर. पुढचा फोन.
—डेल, मी दर वेळी बघते, तो पडला की लगेच उठून उभा राहतो. जरा पडून राहायला काय होतं? त्याला वाईट वाटतंय असं तरी आम्हाला कळेल.
—मुद्दा आहे, मॅडम. पुढचा.
—अहो, त्याच्यापुढचा तो चौसष्ट नंबर—
—लाइन तुटली वाटतं. पुढचा फोन.

दहाव्या सामन्यात आमोस पडला, शिट्टी वाजली आणि पंच चेंडू घ्यायला आले. आमोसनं द्यायचा प्रयत्न केला. हात उघडेना. दोन पंच लागले, मग तिसरा, मग संघाचा डॉक्टर कोमट पाणी घेऊन धावला. सहा मिनिटं खेळ थांबला. चौदा हजार लोक उभे राहून ओरडत होते की सोड, सोड. याच लोकांनी पाच आठवडे त्याला सोडायचं नाही हे शिकवलं होतं. विलंबाबद्दल पंचांनी संघाला दंड म्हणून पाच यार्ड मागे ढकललं. ते आमोसच्या खात्यात घालून ब्रँडवोल्डनं नवा आलेख काढला. आता सरासरी यार्डाच्याही खाली गेली होती.

•

बैठक पाचवी. (इतिवृत्तात न घेतलेला भाग. सचिवांना पेन खाली ठेवायला सांगण्यात आलं होतं.)

"मी आकड्यांच्या बाजूनं बोलतो," ब्रँडवोल्ड म्हणाला. तो तिशीचा, गोरा, नाकावर ऊन लागलेलं, आणि फुटबॉलचा सामना त्यानं पूर्ण असा एकही पाहिला नव्हता. सामन्यामुळे आकडे गढूळ होतात असं तो मानत असे. "चेंडू धरण्यात याची बरीच शक्ती जाते. ती वाचली पाहिजे."

"म्हणजे कशी?" नीडर्मायरसाहेबांनी विचारलं.

"चेंडू न देता."

"पळणाऱ्याला चेंडू द्यायचा नाही?"

"पळू द्यायचं. फक्त चेंडू द्यायचा नाही. त्याच्या सगळ्या अडचणी चेंडू हातात आल्यावर सुरू होतात, हे आकड्यांत दिसतं."

"त्या चेंडू हातात यायच्या आधीच सुरू होतात," स्ट्रूप म्हणाला. "तीन जण अंगावर—"

"पेन खाली, स्ट्रूप," बर्ट म्हणाला.

"माझ्या हातात पेन नाहीये."

"मग तोंड खाली."

तर ठरलं असं: आमोसनं पोटाशी दोन्ही हात घट्ट धरून, चेंडू असल्यासारखा चेहरा करून उजवीकडे पळायचं. गेले पाच आठवडे सबंध ओहायोनं त्याच्या काखेत चेंडू पाहिला होता, त्यामुळे समोरचे सगळेच्या सगळे त्याच्या मागे धावले. अकरा जणांनी मिळून त्याला आडवा केला, काहींनी दोनदा. इकडे डावीकडून दुसराच कोणी खरा चेंडू घेऊन, वाटेत चिटपाखरू नसताना, चालत गेला म्हटलं तरी चालेल असा गेला. संघ जिंकला. पुढच्या शनिवारीही जिंकला.

डावी बाजू म्हणजे टकरची बाजू. तिथे ढकलायला कोणी उरलंच नव्हतं, त्यामुळे टकरचं बाजूला होणं या वेळी फार सुबक दिसलं. समर्थक मंडळानं त्याला 'डाव्या बाजूचा खांब' म्हणून लाकडी फलक दिला. आमोसच्या नावापुढे दोन सामन्यांत शून्य यार्ड लागले आणि तीन बरगड्यांना पट्टा. नीडर्मायरसाहेबांनी मात्र त्याला अगदीच वाऱ्यावर सोडलं नाही. हमरस्त्यावर त्यांच्या दुकानाची मोठी पाटी लागली. तिच्यावर अकरा जणांच्या खाली आमोस, आणि वर ओळ: *पडायचंच आहे, तर मऊ पडा.*

पाटी लागली त्या दुपारी टकर स्वतः स्ट्रूपच्या खोलीत आला. दीडशे किलोचा पोरगा. दारात उभा राहिला तर उजेड कमी झाला. त्यानं केळ्याचा केक आणला होता, घरी भाजलेला.

"कोच, मला बाहेर बसवा ना."

"का रे?"

"मला माणसं ढकलायला आवडत नाही. लाज वाटते. ते समोरून एवढे जिवावर उदार होऊन येतात, म्हटलं जाऊ दे." त्यानं केकचा तुकडा कापून दिला. "मला बेकरीचं काम शिकायचंय. आणि आमोस रोज मार खातो ते मला बघवत नाही. पाठ असते माझी, पण आवाज येतो."

"मग बापाला सांग की."

"सांगितलं. दोनदा सांगितलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, आधी आमोसचा प्रश्न सुटू दे. मग तुझं बघू."

स्ट्रूपनं केक खाल्ला. केक फार चांगला होता. कॉलेजच्या फुटबॉलमध्ये बावीस वर्षं काढून त्यानं ज्याच्या त्याच्या अंगचं काम ओळखायची कला मिळवली होती, आणि समोरचा पोरगा काय आहे हे सांगायला त्याला चित्रफितीचीही गरज नव्हती. पण बेकरीवाला समितीच्या कार्यक्षेत्राबाहेर होता.

•

निर्णयाच्या बैठकीच्या आदल्या दुपारी स्ट्रूपनं आमोसला गाडीत घालून हमरस्त्यावरच्या खानावळीत नेलं. चेंडू अर्थातच बरोबर होता. वाढणारी बाई कॉफी ओतता ओतता कोपरानं चेंडूला ढुशी देऊन गेली, सवयीनं, मनात काही न ठेवता.

"उद्या काय होणार, कोच?" आमोसनं डाव्या हातानं अंडं फोडलं.

"उद्या मी चित्रफीत दाखवणार."

"ती सात सेकंदांची?"

"तीच. शब्दच नको. डोळ्यांनी बघतील."

"बघतील?"

"आंधळे आहेत का ते?"

आमोसनं अंड्यावर मीठ भुरभुरवलं. "आईचा फोन होता. मुकादम विचारतोय म्हणे, येतोय का नाही ते एकदाचं सांगा. जागा किती दिवस धरून ठेवणार. मी म्हटलं, कोच बोलणारेत. ती म्हणाली, मग ठीक आहे, त्या माणसानं माझ्या घरचं खाल्लंय."

स्ट्रूपनं काटा खाली ठेवला.

"खरं सांगू का, कोच? मला चांगलं पळता येतं. शाळेत असताना येत होतं. आता तेवढं आठवतं, कसं ते आठवत नाही. एकदा, एकदाच, पुढे चार पावलं मोकळी मिळाली असती ना, तर आठवलं असतं."

"मिळतील."

"तुम्ही सांगाल ना नीट? ते मध्येच बोलू लागले तर थांबू नका. तुम्ही थांबता."

"नाही थांबणार."

बिल स्ट्रूपनं दिलं. बाहेर पडताना म्हाताऱ्या गल्लेवाल्यानं फडक्याचा फटकारा चेंडूवर मारला आणि म्हणाला, "शाब्बास, पोरा. तुझ्या भल्यासाठीच हं."

•

बैठक शेवटची. स्ट्रूप थांबला नाही. नियम क्रमांक एक वाचला जायच्या आत त्यानं पडदा खाली ओढला, दिवा घालवला आणि चित्रफीत लावली.

सात सेकंद. चेंडू हलतो. चौसष्ट नंबर बाजूला होतो. तिघे आत येतात. आमोस पडतो.

"पुन्हा," ब्रँडवोल्ड म्हणाला.

पुन्हा लावली.

"इथे आमोस अर्धा सेकंद उशीर करतो."

"त्याचे डोळे खाली आहेत," नीडर्मायरसाहेब म्हणाले. "डोळे वर पाहिजेत. आमच्या धंद्यातसुद्धा डोळे वर पाहिजेत."

"आमोस सोडा," स्ट्रूप म्हणाला. "डावीकडे बघा. डावीकडून दुसरा."

त्यांनी बघितलं. प्रामाणिकपणे बघितलं. पण चित्र हललं की तिघांच्या नजरा चेंडूमागे जात आणि चेंडू आमोसकडे जात असे. अठरा वेळा लावली. अठरा वेळा तिघांना आमोस पडताना दिसला; आधी एकदा पडला होता तो आता अठरा वेळा पडला होता, आणि त्याच्याबद्दलचं मत त्या मानानं खराब होत चाललं होतं.

तेव्हा स्ट्रूपला युक्ती सुचली. आयुष्यातली पहिलीच, असं तो पुढे म्हणत असे. गुडघ्याला बांधायची काळी चिकटपट्टी त्याच्या खिशात असायची. तिचा वीतभर तुकडा तोडून त्यानं पडद्यावर लावला, बरोब्बर जिथे आमोस उभा राहून पळून पडत होता तिथे. आता पडद्यावर आमोसही नव्हता आणि चेंडूही नव्हता. फक्त पाच दांडगे आणि समोरचे.

"आता बघा," तो म्हणाला.

चित्रफीत लागली. चौघे ढकलत होते. चौसष्ट नंबर बाजूला झाला. तिघे जण आत शिरले आणि काळ्या पट्टीमागे गेले.

स्ट्रूपनं बर्टकडे पाहिलं. बर्टनं टोपी काढली होती. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटत होतं, आणि ते बावीस वर्षांत स्ट्रूपनं पाहिलेलं नव्हतं.

"पुन्हा लाव," बर्ट हळू आवाजात म्हणाला.

लावली.

"दिसलं?" स्ट्रूपनं विचारलं.

"दिसलं," बर्ट म्हणाला. "किती स्वच्छ दिसतंय."

"काय स्वच्छ दिसतंय?"

"खेळ. कोणी पडत नाही, चेंडू निसटत नाही. लाइल, तू बघतोयस ना?"

"आकड्यांच्या दृष्टीनं तर," ब्रँडवोल्डचा आवाज भरून आला होता, "या सात सेकंदांत चूक शून्य आहे."

"आमोस नसताना," नीडर्मायरसाहेब म्हणाले, आणि पुढे बोलायची गरज राहिली नाही.

"अरे, पट्टीमागे तो आहे," स्ट्रूप म्हणाला. "पट्टीमागे त्याला तिघे जण मारतायत."

"ते दिसत नाही, वेंडेल," बर्ट म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदाच वेंडेल म्हटलं. "आणि हे तू दाखवलंस. आम्ही नऊ आठवडे त्याला कसा वापरावा हेच बघत बसलो. तुझी नजर मी उगाच वाखाणत नाही."

"माझा विरोध आहे."

"कशाला? पट्टीला? ती तर तूच लावलीस."

सचिव या नात्यानं इतिवृत्त स्ट्रूपनंच लिहायचं होतं. तो लिहीत होता आणि बर्ट मागे उभा राहून हळू आवाजात सांगत होता. खांद्यावर हात होता, हात जड नव्हता.

*श्री. टिलरी यांचा सर्वोत्तम वापर त्यांच्या अनुपस्थितीत होतो, हे चित्रफितीने निर्विवाद सिद्ध झाले. शिष्यवृत्ती पुढे चालवू नये. सूचक: श्री. वेंडेल स्ट्रूप. ठराव एकमताने संमत. सूचकांच्या कल्पकतेबद्दल समितीने टाळ्या वाजवल्या.*

"'एकमताने' खोडतो मी," स्ट्रूप म्हणाला.

"खोड की. पण मग कागद परत वर पाठवावा लागेल, तुझा करारही याच महिन्यात वर जायचाय, दोन्ही एकत्र अडकतील. मला काय, तुझी मर्जी."

पेन कागदावर टेकलेलं होतं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग स्ट्रूपनं पेन उचललं आणि खाली सही केली, ठिपका चुकवून.

आमोस बाहेर बाकावर होता. स्ट्रूपनं कागद त्याच्या हातात दिला, कारण तोंडानं सांगायचं ठरवलेलं वाक्य दारातून बाहेर येईपर्यंत सापडेनासं झालं होतं. आमोसनं सावकाश वाचलं.

"सूचक तुम्ही."

"तसं नाही रे. मी चौसष्ट दिसावा म्हणून—"

"दिसला?"

स्ट्रूप थांबला.

"बघा," आमोस म्हणाला, "थांबलात." त्यानं कागदाची घडी घालून परत दिली. "आईला मी सांगतो. तुम्ही फोन करू नका. ती तुम्हाला जेवलात का विचारेल."

सोमवारी तो केंटकीच्या बसमध्ये बसला. मुकादमानं जागा धरून ठेवली होती. मंगळवारपासून तो आईच्या शेजारी उभा राहतो. समोरून कोंबड्या येतात, मिनिटाला अठ्ठावीस, आणि मध्ये कोणी बाजूला होत नाही.

वसंतात इंडियानाहून नवा पळणारा आला. नाव लेमुएल स्टॅनफिल, शाळेत असताना दर खेपेला नऊ यार्ड. पहिल्या सामन्यात एक यार्ड. स्ट्रूपचा करार झाला होता. समिती कायम करण्यात आली, डोनट तीन डझन, आणि बाहेरच्या लोकांनाही सामावून घ्यावं असं ठरलं.

•

जा. क्र. धा. सु. वा. स. / ६४

प्रति,
वाचक.

महोदय किंवा महोदया,

सदर प्रकरण आपण शेवटपर्यंत वाचलेत, याची समितीने कृतज्ञतापूर्वक नोंद घेतली आहे. वाचताना आपण स्वतःला श्री. स्ट्रूप समजत होता, असे दिसते. हे स्वाभाविक आहे. श्री. हॅव्हरकॅम्पही स्वतःला तेच समजतात.

समितीच्या सदस्यत्वासाठी आपली निवड झाली आहे. बैठकीस उपस्थित राहण्याची आवश्यकता नाही. आपण आपल्या कचेरीत, शाळेत किंवा संस्थेत हे काम अनेक वर्षे विनातक्रार करीत आहात, असा अहवाल समितीकडे आहे. सोबतच्या अर्जात आपल्याकडील ज्या होतकरू मुलाकडून अपेक्षित काम होत नाही, त्याचे नाव लिहून पाठवावे. त्याचे काय करायचे ते समिती पाहील.

त्याच्यापुढे वाट न करता कोण बाजूला होत आहे, हे अर्जात विचारलेले नाही. त्या रकान्यात आडनाव आपलेच लिहावे लागले असते, आणि समितीला कोणाच्या घरात डोकवायचे नाही.

चिरंजीवांस अनेक आशीर्वाद.

आपला,
वेंडेल स्ट्रूप
सचिव